आवाज आहे, चित्र नाही

चिखलोली,
४ सप्टेंबर २००४

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

परवा तुमच्या गल्लीतल्या जेठानंद शेठच्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या फोनवर आपलं जे बोलणं झालं, त्यावर मनालीचे पप्पा अजून हसतायत. मी इकडून ओरडतेय, "मामा, कार्ड! कॉम्प्युटरचं कार्ड!" आणि तुम्ही तिकडून, "अगं काढ काढ काय करतेस, काय काढू ते तरी सांग!" शेवटी शेठनी फोन घेतला आणि म्हणाले, "बेटी, चिठ्ठी लिख. मामा अब रेडियो है, सिर्फ बोलता है, सुनता नहीं." म्हणून हे पत्र. आता नीट सांगते.

मामा, मला काम मिळायची वेळ आलीय! मनाली व्हायच्या आधी मी बदलापूरला किर्ती मॅडमच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायचे, आठवतं ना? त्यांनी स्वतःहून बोलावलं. त्यांची एक बिल्डिंग उभी राहायची आहे. अजून नुसतं गवत आहे तिथे. पण घर घेणाऱ्यांना आत्ताच दाखवायला बिल्डिंगचं चित्र हवंय, आणि साधं नाही, कॉम्प्युटरवर चारी बाजूंनी फिरवून दाखवता येईल असं. पंचवीस तारखेला लोक बघायला येणार. चित्र जमलं तर पुढची सगळी अशी कामं त्या मला घरी देणार. मनालीला कुणाकडे टाकून जायला नको आणि हातातली विद्याही जायला नको. नाही जमलं तर ठाण्याचा एक मुलगा तयारच बसलाय.

पण आमचा कॉम्प्युटर म्हातारा. नकाशा काढतो, पण बिल्डिंग फिरवायला घेतली की मधेच बसकण मारतो. किर्ती मॅडम म्हणाल्या, ग्राफिक्स कार्ड टाक. ते जेठानंद शेठकडून आणलंय. हिरवी पाटी, तिच्यावर एवढासा पंखा, आणि मागे मॉनिटरच्या वायरीसाठी असतं तसं एक तोंड. धूळ जाऊ नये म्हणून शेठनी त्या तोंडाला प्लास्टिकची टोपी घातलीय. आतापर्यंत चित्र डब्यातल्या मोठ्या पाटीतूनच यायचं, आता चित्र काढायचं काम हे कार्ड करणार, असं शेठनी समजावलं. बसवायला माणूस पाठवतो म्हणाले, पण त्यांचा माणूस गणपतीला गावी जाणार, तो दसऱ्यानंतर उगवेल. तुम्ही आख्ख्या कॅम्प चारचे टीव्ही उघडलेत. मला सांगा, मी हे कसं बसवू?

पाय कसा आहे? प्लास्टर ओलं करू नका.

आणि मामा, वर पत्ता नवीन लिहिलाय तो बघून ठेवा. आईची अंबरनाथची खोली सोडून आम्हाला आता चार महिने झाले.

तुमची
यशोधरा


उल्हासनगर, कॅम्प ४
७ सप्टेंबर २००४

चि. यशोधरेस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र तुझ्या मामीच्या हातीच देतोय. तिला काल रात्रीपासून मनाली दिसतेय, आज लाडूचा डबा घेऊन निघालीच. लाडू मनालीचे आहेत, प्रमोदरावांना सांग.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि प्लास्टरमधल्या पायाची बोटंसुद्धा हलायला लागली, एवढा आनंद झाला. अगं, जी बिल्डिंग अजून उभीच नाही ती तू फिरवून दाखवणार! माझ्या वेळी लोकांना टीव्हीत बातम्या सांगणारी बाई दिसली तरी ते तिला पाणी विचारायचे.

आता खरं सांगतो. मी कॉम्प्युटर कधी उघडलेला नाही. पण पहिला रेडिओ उघडला तेव्हा तोही कधी उघडलेला नव्हता. मशीन म्हणजे लाजाळू पाव्हणा. घाई केली तर बोलत नाही, हळूहळू विचारलं तर सगळं सांगतो.

आधी बटण बंद कर आणि मग प्लगच उपटून बाजूला ठेव, नुसत्या बटणावर भरवसा नको. मनालीला मामीच्या मांडीवर दे. मग डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लाव. आपल्या अंगात बारीकशी वीज साठलेली असते, ती नाजूक मालाला मारते. ती पत्र्यात जाऊ दे. कार्ड कडेने धर, कच्चा पापड धरतात तसं. त्याच्या सोनेरी दातांना बोट लावू नकोस. खाचेवर सरळ ठेव आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब दे, प्रवासाच्या डब्याचं घट्ट झाकण लावतेस ना, तसा. एक बाजू आधी आणि दुसरी मागून असं नको. 'कट्' असा आवाज येईल. मला आला नसता, तुला येईल.

आणि आता सगळ्यात मोठी गोष्ट, बाकीचं विसरलीस तरी चालेल पण ही विसरू नकोस. वायरी! माझ्या आख्ख्या धंद्यात निम्मे बिघाड मशीनचे नव्हतेच, वायरी भलतीकडे खुपसणाऱ्या शहाण्यांचे होते. काढायच्या आधी एकेका वायरीला सुतळीने चिठ्ठी बांध. आणि काम झालं की सगळ्या वायरी जिथल्या तिथे. होत्या तिथेच, एक भोक इकडचं तिकडे नाही. तुझी आई काडेपेटीसुद्धा जिथल्या तिथे ठेवायची. काशीची लेक आहेस, तुला जास्त काय सांगू!

पायाचं विचारलंस. अँटेना सरळ करायला स्टुलावर चढलो. अँटेना सरळ झाली, मी वाकडा झालो. बरा आहे.

चित्र आलं की लगेच कळव.

तुझा मामा
धोंडिबा


चिखलोली,
१० सप्टेंबर २००४

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

बसवलं! आणि फसलं!

सांगते. तुमचं पत्र मामी वाचून दाखवत होती आणि मी करत होते. मामी मधूनच "अगं हळू, अगं हळू" म्हणायची, ते पत्रात नव्हतं, ते तिचं स्वतःचं. पत्र्याला हात लावला. कार्ड पापडासारखं धरलं. दोन्ही अंगठे. 'कट्' वाजलं, मामीनेही ऐकलं. वायरींना चिठ्ठ्या बांधल्याच होत्या, त्या वाचून वाचून एकूण एक वायर जिथल्या तिथे लावली. कीबोर्डची, माऊसची, स्पीकरची, मॉनिटरची, सगळ्या होत्या तिथेच. कार्डाच्या तोंडावरची टोपीसुद्धा काढली नाही, धुळीचं म्हणून.

बटण दाबलं. आत पंखे फिरले, कार्डावरचा छोटा पंखाही गरगर फिरला. रोजच्यासारखा एकच बारीक 'पीप' झाला. मग थोड्या वेळाने स्पीकरमधून ते सुरू होतानाचं संगीतही वाजलं, मनाली त्यावर रोज नाचते तशी नाचली. पण पडदा काळा ठिक्कर! मॉनिटरचा दिवा आधी हिरवा होता, मग नारिंगी झाला आणि नारिंगीच राहिला.

मामी म्हणाली, "वाजतंय तर सगळं. मग दिसत का नाही?" मी म्हटलं, "मामी, तेच तर!"

बंद करून पुन्हा लावलं. कार्ड काढून पुन्हा बसवलं. तेच. किर्ती मॅडमचा फोन आला, "कसं चाललंय?" मी म्हटलं, "मस्त." खोटं बोलले मामा. बिल्डिंग माझ्या डोळ्यांपुढे उभी आहे, गच्ची, बाल्कन्या, खाली झाडं, सगळं. फक्त पडद्यावर नाही.

लवकर लिहा.

तुमची
यशोधरा


उल्हासनगर, कॅम्प ४
१२ सप्टेंबर २००४

चि. यशोधरेस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पोरी, तुझं पत्र वाचून मला वीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं! 'आवाज आहे, चित्र नाही.' अगं, हे वाक्य मी जन्मभर ऐकलंय. सकाळी दुकान उघडलं की दारात कुणीतरी उभं, तोंड पाडून, "मामा, आवाज येतो, चित्र नाही." आणि मी प्रत्येकाला एकच सांगायचो, "मग रडताय कशाला? आवाज येतो म्हणजे तो जिवंत आहे."

तुझंही तेच. 'पीप' करतो, संगीत वाजवतो, म्हणजे मशीन ठणठणीत आहे. चित्रही कुठेतरी निघालेलं आहे, फक्त आपल्यापर्यंत पोचत नाहीये. मधे कुठेतरी अडलंय. ते कुठे अडलंय एवढंच शोधायचं. घाबरायचं नाही.

आता पहिलं काम. मनालीच्या दप्तरातला पेन्सिल खोडायचा रबर घे. कार्डाच्या सोनेरी दातांवर हलक्या हाताने फिरव, दोन्ही बाजूंनी, मग कोरड्या फडक्याने पूस. दातांवर मळ असला की चित्र अडतं. दुसरं, शेजारी कुणाकडे कॉम्प्युटर असेल तर तुझा मॉनिटर त्यांच्याकडे लावून बघ. तिथे दिसलं तर मॉनिटर सुटला, निर्दोष. तिसरं काम माझं. कार्ड जेठानंदचं आहे, त्याला मी धरतो. पाय प्लास्टरमध्ये असला तरी जीभ मोकळी आहे.

तुझी मामी सांगत होती, तू किर्ती मॅडमना 'मस्त' म्हणालीस. चांगलं केलंस. मीही गिऱ्हाइकाला 'उद्या देतो' म्हणायचो आणि मग रात्रभर खपून ते खरं करायचो.

हे पत्र मामीला लगेच पेटीत टाकायला लावतो. पत्ता लिहायला मला डोकं लागत नाही, हातच लिहितो.

तुझा मामा
धोंडिबा


चिखलोली,
१७ सप्टेंबर २००४

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं उत्तर नाही. आज आठवडा झाला. रोज खाली जाऊन पत्रपेटी बघते, तिच्यात केबलवाल्याची पावती सोडून काही नसतं. मामा, रागावलात का? मागच्या पत्रात मी 'फसलं' लिहिलं, ते तुमच्या शिकवण्याला नव्हतं. पाय तर दुखत नाही ना जास्त?

मग मीच हात चालवले. शेजारच्या काकांकडे मॉनिटर नेऊन लावला. तिथे झकास दिसला. मग कार्ड काढून ठेवलं आणि पहिल्यासारखं चालू केलं, तर चित्र आलं! कार्ड घातलं की अंधार, काढलं की उजेड. असं तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. म्हणजे मामा, कार्डच मेलंय. दुसरं काय असणार?

मनालीचे पप्पा उद्या कामावर जाताना वाट वाकडी करून कार्ड शेठकडे दाखवणार आहेत, त्यांच्याच हाती हे पत्र. कार्ड खराब निघालं तर दुसरं मिळेल ना? शेठना तुम्ही एक शब्द टाका. आज मॅडमचा पुन्हा फोन आला होता. मी म्हटलं, "रंग भरतेय." त्या म्हणाल्या, "बुधवारी एकदा येऊन बघते." मामा, बुधवारी!

काल तर मी वैतागून जुन्याच मशीनवर, कार्ड न घालता, बिल्डिंग फिरवायला घेतली. अर्धी वळली आणि थिजली. दुसऱ्या मजल्याची बाल्कनी हवेतच लोंबत राहिली.

रागावला असाल तर रागवा, पण दोन ओळी लिहा.

तुमची
यशोधरा


उल्हासनगर, कॅम्प ४
१८ सप्टेंबर २००४

चि. यशोधरेस,
अनेक आशीर्वाद.

प्रमोदराव दारात घड्याळ बघत उभे आहेत, त्यांची पाळी सुरू होईल. म्हणून भराभरा लिहितो.

उत्तर नाही काय म्हणतेस! मी बारा तारखेलाच लांबलचक पत्र टाकलंय! मामीने माझ्यासमोर तिकीट चिकटवलं. इतकी वर्षं तुमच्या घरी पत्रं टाकतोय, एक कधी चुकलं नाही. पोस्टाने खाल्लं की काय? मी इकडे तोंड फुगवून बसलोय, की मामाचं ऐकण्यापेक्षा पोरीने एखादा टायवाला इंजिनियर गाठला वाटतं. आणि तू तिकडे समजतेस मी रागावलो. कमाल आहे!

आता कार्डाचं. जेठानंदने माझ्यासमोर, दुकानाच्या ओट्यावर, आपल्या मशीनमध्ये तुझं कार्ड घातलं. मी भांडायच्या तयारीनेच कुबड्या घेऊन गेलो होतो. म्हटलं, "शेठ, पोरीला मेलेला माल दिलात!" त्याने वायर लावली, बटण दाबलं आणि यशोधरे, असं चित्र आलं, असं चित्र आलं, की मी भांडायचंच विसरलो! रंग तर बघत राहावेत असे. जेठानंद म्हणाला, "साईं, माल जिंदा है. तुम्हारा दिमाग चेक करना पड़ेगा." वर मला विचारतो, "बेटी ने मॉनिटर की तार किधर लगाई?" मला असा राग आला! म्हटलं, "शेठ, माझी भाची आहे ती. वायरींना चिठ्ठ्या बांधून काम करते. सगळ्या वायरी जिथल्या तिथे आहेत, एक भोक इकडचं तिकडे नाही!" मग त्याने कार्ड काढून माझ्या हातात दिलं. देणारच.

म्हणजे कार्ड चांगलं, मॉनिटर चांगला, मशीन चांगलं, आणि तिघं एकत्र आले की अंधार. असं तर कुठल्या लग्नातही पाहिलं नाही.

कार्ड परत पाठवतोय. पुन्हा बसव. मंगळवारपर्यंत काही झालं नाही तर प्लास्टर असो नसो, रिक्षा करून येतो आणि तुझ्या त्या डब्यासमोर मांडी घालून बसतो. मांडी घालता येणार नाही, पण बसतो.

धीर सोडू नकोस. जिवंत आहे तो.

तुझा मामा
धोंडिबा


चिखलोली,
२० सप्टेंबर २००४

मामा! मामा! मामा!
जयभीम!

चित्र आलं!

शेठना फोन करून निरोप दिलाच आहे, पण तुम्हाला काय ऐकू गेलं कोण जाणे, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

दुपारी कार्ड पुन्हा बसवून बसले होते. तोच अंधार, तोच नारिंगी दिवा. मनाली संगीतावर नाचून दमली. एवढ्यात दारावर थाप. बघते तर अंबरनाथच्या आपल्या शेजारच्या इंदुबाई! घामाघूम, हातात पिशवी, पिशवीत तुमचं पाकीट. तुमचं बारा तारखेचं पत्र!

मी म्हटलं, "इंदुबाई, हे तुमच्याकडे कसं?"

त्या म्हणाल्या, "माझ्याकडे कशाला येतंय? तुमच्या जुन्या खोलीत टाकून गेला पोस्टमन. नवीन भाडेकरू बिचारे दाराच्या फटीत खोचून ठेवत होते, म्हणे येईल कुणीतरी. काल माझ्या नजरेस पडलं. मामांचं अक्षर, लांबून ओळखलं."

पाकिटावर बघितलं. खोली नंबर, बुवापाडा, अंबरनाथ. मामा, तुम्ही आईच्या पत्त्यावर पत्र टाकलंत!

मी उभ्या उभ्या फोडलं आणि वाचायला लागले. तुम्ही लिहिलंय, 'चित्र कुठेतरी निघालेलं आहे, फक्त आपल्यापर्यंत पोचत नाहीये.' आणि इकडे इंदुबाई पदराने वारा घेत बोलतायत, "पत्र तर केव्हाचं आलेलं गं, पण जुन्या दारात पडून. घर तुम्ही बदललंत, पत्ता कुणी बदलायचा?"

मामा, मी त्यांना 'बसा'सुद्धा म्हटलं नाही. पत्र हातात तसंच आणि मी धावले ती कॉम्प्युटरच्या मागे. गुडघ्यावर बसून डबा भिंतीपासून ओढला. वर जुनं तोंड, मोठ्या पाटीचं, त्यात मॉनिटरची वायर घट्ट बसवलेली, तुमची सुतळी आणि 'मॉनिटर' अशी चिठ्ठी लोंबतेय. आणि खाली, चार बोटांवर, कार्डाचं तोंड, त्याला टोपी!

आता चित्र काढतंय कार्ड. बाहेर पडतंय कार्डाच्या तोंडातून. आणि आमची वायर आपली जुन्या दारात वाट बघत उभी! कार्ड काढलं की जुनं दार पुन्हा उघडायचं, म्हणून चित्र यायचं. कार्ड घातलं की मोठी पाटी आपलं दार बंद करून बसायची, म्हणून अंधार. त्या दिवसापासून चित्र रोज निघत होतं मामा, रोज! टोपीला डोकं आपटून परत जात होतं.

टोपी काढली. वायर वरून काढून खाली लावली. नारिंगी दिव्याचा हिरवा झाला आणि पडद्यावर निळं आभाळ, हिरवी टेकडी! मी एवढ्यांदा ओरडले की इंदुबाई आत धावत आल्या. "काय गं, करंट लागला?" मी म्हटलं, "चित्र आलं!" त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी? डोंगर तर खिडकीतून पण दिसतोय." मग मी त्यांना चहा दिला, तुमच्या नातीने उरलेला एकुलता एक लाडू दिला.

आणि मामा, लगेच बिल्डिंग उघडली. फिरवली. अहो, जत्रेतल्या पाळण्यासारखी फिरते! दुसऱ्या मजल्याची बाल्कनी आपल्या जागी आली. गच्चीवरून खाली बघता येतं, झाडांच्या सावल्या पडतात. बुधवारी मॅडम येऊ देत, आता मला भीती नाही. दोन दिवस आहेत आणि सगळे रंग भरायचे आहेत.

चूक कुणाची म्हणाल तर मी शोधून काढलंय. तुमची नाही, माझी नाही. चूक 'जिथल्या तिथे'ची. शेठना माझ्यातर्फे सॉरी म्हणा, त्यांनी बरोबर तोच प्रश्न विचारला होता.

पुढचं पत्र चित्र दाखवून झाल्यावर.

तुमची
यशोधरा

ता. क. इंदुबाई जाताना म्हणाल्या, "मामांना सांग, पत्ता बदला, मला या वयात पोस्टमन करू नका."


उल्हासनगर, कॅम्प ४
२८ सप्टेंबर २००४

चि. यशोधरेस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

आधी तुझ्या फोनचं सांगतो. मी ओट्यावर बसलो होतो. जेठानंद दुकानातून हात नाचवत बाहेर आला आणि माझ्या कानात ओरडला, "मामा, पिच्चर आ गया! पिच्चर आ गया!" मी विचारलं, "कुठल्या थेटरात?" त्याने कपाळावर हात मारला. मग कागदावर एक चौकोन काढला, त्यात हसरं तोंड काढलं आणि खाली तुझं नाव लिहिलं. तेव्हा कळलं. यशोधरे, मी कुबडी टाकून उभा राहिलो. मामी ओरडली म्हणून परत बसलो.

तुझं पत्र आलं तेव्हा जेठानंदला वाचून दाखवलं. 'बरोबर तोच प्रश्न' हे वाक्य त्याने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. त्या दिवसापासून माझ्या दुकानावरून जाताना तो थांबतो, गंभीर तोंड करतो आणि विचारतो, "साईं, सब जिथल्या तिथे?" एवढंच मराठी शिकला आणि तेही मला चिडवायला!

काल प्रमोदराव चित्राचा मोठा छापील कागद घेऊन आले. तुझं काम पक्कं झालं, पुढच्या दोन बिल्डिंगा आल्या, आणि ठाण्याच्या मुलाला किर्ती मॅडमनी नको म्हणून कळवलं, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मला ऐकू आलं एवढंच, "दोन". मी म्हटलं, जुळं की काय! मामीने लिहून दाखवलं तेव्हा जीव भांड्यात पडला. जुळं असतं तरी आनंदच होता.

कागद मी दुकानाच्या भिंतीवर लावलाय, टीव्हीच्या नळ्या टांगायचो त्या खिळ्याला. येणारा जाणारा विचारतो, "मामा, फ्लॅट घेतलात?" मी म्हणतो, "नाही, माझ्या भाचीने बांधलाय." बाल्कन्या मोजल्या नाहीत, पण प्रत्येक बाल्कनीत कपडे वाळत घालायला दोरी दिलीस, ते मामीला फार आवडलं. मला काय आवडलं ते तुला माहीत आहे. गच्चीवर कोपऱ्यात बारीकशी अँटेना उभी केलीस! प्रमोदराव म्हणाले, मॅडमनी विचारलं, "ही काठी कसली? आता तर सगळीकडे केबल आहे." आणि तू म्हणालीस, "असू दे मॅडम, ती मामांची आहे." पोरी, अँटेना छान आहे, पण जरा उत्तरेकडे बघतेय. अशी राहिली तर आख्ख्या बिल्डिंगच्या टीव्हीत मुंग्या येतील. एक बोटभर फिरव. आता तुझं मशीन फिरवतं ना.

आता पत्त्याचं. तुझ्या पत्रातली 'तुम्ही आईच्या पत्त्यावर पत्र टाकलंत' ही ओळ वाचली आणि तुझं पहिलं पत्र पुन्हा काढून बघितलं. चार सप्टेंबरला तू बजावून लिहिलं होतंस. मी वाचलंही होतं. पण पाकीट पुढे घेतलं की हात आपला बुवापाडाच लिहितो. काशी लग्न होऊन त्या खोलीत गेली तेव्हापासून लिहितोय. ती गेली तेव्हा सगळ्यांना कळवायची पत्रंही मीच लिहिली, पण हाताला कळवायचं राहून गेलं असेल. तुला 'वायर जिथल्या तिथे' सांगितलं तेव्हा मी टीव्हीचं सांगत होतो असं मला वाटलं होतं. टीव्हीत नवीन दार कधी फुटत नाही. घरात फुटतं.

आज पाकीट आधी लिहायला घेतलं, पत्र नंतर. मामी शेजारी बसली होती, चष्मा लावून पहारा देत. मी लिहिलं, यशोधरा साळवे, नवीन बिल्डिंग, दुसरा मजला, चिखलोली. तिने वाचलं, बोट फिरवलं, मग हळूच म्हणाली, "काशीच्या घरचं नाही लिहिलंत?"

मी म्हटलं, "काशीची लेक जिथे, पत्र तिथे."

मामीने तिकीट चिकटवलं आणि म्हणाली, "झालं. आता जिथल्या तिथे."

तुझा मामा
धोंडिबा